मोतीबिंदू काढला, तरी अक्षर पसरट का दिसते?

"ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, पण सुईत दोरा काही ओवता येत नाही. डोळा बिघडला की काय?" मोतीबिंदू काढलेल्या वडीलधाऱ्यांकडून ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. बहुतेक वेळा डोळा बिघडलेला नसतो. त्याची गोलाई थोडी बदललेली असते.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो सर्व बाजूंनी सारखा गोल असला तर उजेड एका जागी मिळतो. उभी आणि आडवी गोलाई वेगळी झाली, की अक्षर पसरते. यालाच दृष्टिवैषम्य म्हणतात. चष्म्याच्या कागदावर हा 'सिलिंडर' नंबर असतो.

चीर दिली की त्या दिशेला पडदा किंचित सपाट होतो आणि काटकोनातल्या दिशेला फुगतो. टाका जास्त आवळला तर याच्या उलट होते. जुन्या पद्धतीत चीर १० ते १२ मिलिमीटर असे व टाके घालत. बिनटाक्याच्या पद्धतीत ती साधारण ६ ते ७, तर फेको यंत्राने ३ मिलिमीटरपेक्षाही कमी असते. चीर लहान, तितका फरक कमी.

पण लांबीइतकाच आकारही महत्त्वाचा. बुबुळाच्या कडेला समांतर जाणारी चीर जास्त सैल पडते. मध्य बुबुळाजवळ आणि दोन्ही टोके त्यापासून दूर वळवलेली, म्हणजे रुसलेल्या ओठांसारखी चीर दिली, तर कडा कमी सरकतात. सिंगर या डॉक्टरांनी १९९१ साली ही चीर मांडली. चीर वरच्या बाजूऐवजी कानशिलाकडे दिली तरी फरक कमी पडतो, कारण तिथली कड नजरेच्या मध्यापासून जास्त दूर असते.

घरच्यांनी काय करावे? शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारावे, "चीर केवढी, कुठे, आणि टाके पडणार का?" विचारण्यात संकोच कसला? बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. चष्म्याची घाई करू नये. टाका ओढत असेल तर तो डॉक्टरच योग्य वेळी काढतात. मात्र डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शिबिरात शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. फेरतपासणीला जावे, नंबर काढून चष्मा घ्यावा. त्या चष्म्यावाचून कित्येक आजी-आजोबा चांगला झालेला डोळाही वाया गेला असे मानून बसतात.