हळदीला संशोधन केंद्र, आमच्या डोळ्यांना कोण?



वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, संशोधन केंद्र मंजूर झाले. चांगलेच झाले. पण ती हळद काढणाऱ्याच्या, पूर्णा कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याच्या डोळ्याला पाचट लागते, जखमेत बुरशी शिरते आणि बुबुळावर फूल पडते. गावात मिळेल तो ड्रॉप घातला जातो; त्यात स्टेरॉइड असले तर बुरशी आणखी फोफावते. मग काळा चष्मा लावला की विषय संपला! हा आजार शेतमजुराचा आहे, म्हणजे बहुतांशी आपलाच आहे.

आमच्या वस्तीतली एक मुलगी एमबीबीएसला आहे. 14 एप्रिलला आम्हीच तिचा सत्कार केला आणि माईकवरून आम्हीच म्हणालो, 'ताई, आता गावात दवाखाना टाका.' स्टेजवरून उतरल्यावर ती हळूच बोलली, 'दादा, मला डोळ्यांवर संशोधन करायचंय.' आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हालाही डॉक्टर म्हणजे दवाखाना एवढेच ठाऊक होते.

आपल्या भागातले पेशंट हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जातात. तिथल्या डॉ. वीरेंद्र सांगवान, डॉ. सायन बसू आणि सहकाऱ्यांनी 2012 साली एक पद्धत मांडली. चुन्याने किंवा अॅसिडने डोळा भाजला की बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी मरतात. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करून भाजलेल्या डोळ्यावर चिकटवायचे. आधी या पेशी महागड्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत. इथे एकाच ऑपरेशनमध्ये काम होते. गरिबाच्या खिशाचा विचार करणारे असे संशोधन पेशंट बघणाऱ्या डॉक्टरलाच सुचू शकते. पण त्यासाठी त्याच्याकडे वेळ हवा.

हा वेळ कोणाला परवडतो? साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमएस, मध्ये बाँड आणि नीटचे फेरे. तिशी आली की कुठे पीएच.डी. किंवा फेलोशिप सुरू होते. त्याच वयात बरोबरीच्या मुलाचे हॉस्पिटल उभे राहिलेले असते, कारण बापाची जागा असते. आपल्या मुलीच्या मागे कर्जाचे हप्ते आणि धाकट्या भावाची फी.

आणि आरक्षण? 1992 च्या इंद्रा साहनी निकालात न्यायालयाने सुपरस्पेशालिटी आणि संशोधन संस्थांतली तांत्रिक पदे ही आरक्षणाला योग्य नसलेल्या जागांत मोजली. म्हणजे डोळे तपासायला या, डोळ्यांचे ज्ञान घडवायला येऊ नका! 'मेरिट' या शब्दाची खरी जागा इथे कळते. बार्टीच्या फेलोशिपसाठी 2023 मध्ये आपल्या संशोधक पोरांना आझाद मैदानात बसावे लागले, तेही याच रांगेतले.

बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती 1917 मध्ये संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन 1920 मध्ये पुन्हा गेले, 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या फोटोला हार घालणारे आम्ही त्यांची ही तीन वर्षे कधी सांगतो का?

जयंती मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढला: तिच्या पीजीच्या तयारीपासून फेलोशिपपर्यंत दरमहा काहीतरी द्यायचे, परतफेडीची अट नको. एका काकांनी विचारले, 'मग दवाखाना कोण टाकणार?' प्रश्न रास्त आहे. पण दवाखाना टाकणारे आपल्यात आता दहा आहेत, ती एकटी आहे.

पुढची बैठक रविवारी विहारात आहे. डीजेची सुपारी अजून दिलेली नाही.