पास झालात? मग आता पाचवं प्रकरण वाचा

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर दोन विचारणा हमखास येतात. सत्यनारायणासाठी कुणी गुरुजी माहीत आहेत का, आणि 'लाइफ इन द यूके'चं पुस्तक कुणाकडे पडून आहे का. गुरुजी मिळायला दिवस लागतात. पुस्तक तासाभरात मिळतं, कारण परीक्षा झाल्यावर ते पुन्हा कुणी उघडतच नाही. आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ज्यांची पाळी अजून यायची आहे, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आपल्या तोंडातला 'आयएलआर', हवी असेल तर १८ ते ६४ वयाच्या बहुतेकांना ही परीक्षा द्यावी लागते. प्रश्न २४, वेळ ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की सुटलात. फी ५० पौंड. नापास झालात तर सात दिवस थांबायचं आणि पुन्हा ५० पौंड भरून बसायचं. एकदा पास झालात की त्याला मुदत नाही, पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही तोच निकाल चालतो. आयएलआरच्या अर्जाचीच फी तीन हजार पौंडांवर गेल्यावर ५० पौंडांचं कुणाला काही वाटत नाही. धास्ती असते ती तारखेची. व्हिसा संपत आलाय आणि दोघांपैकी एकाची परीक्षा अडकली, तर?

नोंदणी करताना एक सांभाळा. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. इथल्या बँकेत, ऑफिसात आपण ते केव्हाच गाळून टाकलेलं असतं. इथे गाळू नका. ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि भरलेले पैसेही गेले म्हणून समजा.

अभ्यासाची आपल्याला एरवी चिंता नाही. '२१ अपेक्षित' घोकून दहावी काढलेला आपला समाज. आठव्या हेन्रीच्या सहा बायका, १०६६ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५चा मॅग्ना कार्टा, १९५४ साली चार मिनिटांच्या आत एक मैल धावलेला रॉजर बॅनिस्टर, हे सगळं ट्यूबमध्ये उभ्या उभ्या पाठ होतं. ऑफिसातल्या इंग्रजाला यातलं काही येत नाही, हा विनोदही आपण सगळ्यांनी करून झाला आहे. पण काही घरांत तो विनोद नसतो. मराठी माध्यमात शिकून, लग्न होऊन इथे आलेल्या कुणाला ट्यूडर आणि स्टुअर्ट घराण्यांची नावं पहिल्यांदा इंग्रजीतच भेटतात, परीक्षाही इंग्रजीतच असते. (वेल्समध्ये वेल्शमधून आणि स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश गेलिकमधून देता येते. मराठीची मागणी मी करत नाही, गैरसमज नको.) त्यात घरचे नवरे जेवताना परीक्षकाच्या आवाजात प्रश्न विचारतात. आपल्या शनिवारच्या अभ्यासवर्गात बायकाच बायकांना मराठीतून समजावून सांगतात, ते या नवऱ्यांच्या शिकवणीपेक्षा कितीतरी बरं चालतं.

आता पुस्तकाकडे वळू. नागरिकत्वासाठी ही परीक्षा २००५ साली सुरू झाली, कायम वास्तव्यासाठी २००७ पासून. तिच्यामागे बर्नार्ड क्रिक या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या समितीचा विचार होता. नव्याने आलेल्या माणसाला इथे रोज जगताना उपयोगी पडेल ते कळावं, असा त्याचा रोख. आधीच्या आवृत्तीत डॉक्टरकडे नाव कसं घालायचं, कुठली मदत कुणाकडे मागायची, अशी साधी कामाची माहिती होती. २०१३च्या तिसऱ्या आवृत्तीत ती बरीचशी गेली आणि इतिहासाचं प्रकरण फुगलं. डरहॅम विद्यापीठाच्या थॉम ब्रुक्स यांनी त्याच वर्षी या बदलाची चिरफाड केली. ही परीक्षा म्हणजे पबमधली वाईट प्रश्नमंजूषा झाली आहे, असं त्यांचं म्हणणं. लंडन आयची उंची पुस्तकात आहे, फुटांतही आणि मीटरमध्येही. पोरगं तापानं फणफणलं असताना ती कुणाच्या उपयोगाची?

तरी इतिहासाचं प्रकरण मला कंटाळवाणं वाटत नाही. त्यात पाटण्यात जन्मलेला साके दीन महंमद आहे. त्याने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं. युगांडातून १९७२ मध्ये हाकलले गेलेले भारतीय वंशाचे २८ हजार लोक आहेत. पुढच्या प्रकरणात लेस्टरची दिवाळीही आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टन मात्र थेट वॉटर्लूला भेटतो: १८१५, नेपोलियनचा पराभव, पुढे पंतप्रधान. त्याआधी बारा वर्षं, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हाच माणूस आर्थर वेलस्ली या नावाने आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. आपली सर्वांत चांगली लढाई कुठली, असं उतारवयात विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतलं, असं सांगतात. आपल्यापैकी कितीजण औरंगाबादहून अजिंठ्याला जाताना त्या परिसरातून गेलो असू, आणि गाडी कुणी थांबवली नसेल.

साम्राज्य संपून राष्ट्रकुल आलं ते बहुतांशी सुरळीतपणे, असं हे पुस्तक सांगतं. उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पाशेजारी वाढलेल्या माणसाला हे वाक्य गिळायला जड जातं. नुसतं आपल्यालाच नाही. जुलै २०२० मध्ये पावणेदोनशेच्या वर इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून हे प्रकरण मागे घ्यायची मागणी केली होती, गुलामगिरी आणि वसाहतींबद्दलचा मजकूर दिशाभूल करणारा आहे म्हणून. माझा सल्ला व्यवहाराचा आहे. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर द्या, घरी मुलांना बाकीचं सांगा. मुलांना इथल्या शाळेत असई कुणी शिकवणार नाही.

पण खरा माल शेवटच्या, पाचव्या प्रकरणात आहे. आपण ते सर्वांत घाईत उरकतो, कारण त्यात राजे नाहीत, राण्या नाहीत, पाठ करायला सनावळ्या कमी. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथल्या सर्व सार्वजनिक निवडणुकांत मतदान करता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे कामाच्या व्हिसावर आलेल्या, आयएलआरला अजून चार वर्षं असलेल्या माणसालाही खासदार निवडता येतो. आयएलआर मिळाल्यावर तर भारतीय पासपोर्टावरच कौन्सिलच्या आणि पार्लमेंटच्याही निवडणुकीला उभं राहता येतं. आणि भारतातल्या मतदानासाठी? परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवलं तरी आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर व्हावं लागतं.

हे मी कार्यक्रमांत सांगतो तेव्हा दहा-दहा वर्षं इथे काढलेली माणसं चकित होतात. हीच माणसं दर महिन्याला कौन्सिल टॅक्स भरतात, कचऱ्याच्या डब्यांवरून कौन्सिलला नावं ठेवतात आणि पाचव्या प्रकरणावरचे प्रश्न बरोबर सोडवून पास झालेली असतात. उत्तर लक्षात राहिलं. ते आपल्याबद्दल आहे, हे लक्षातच आलं नाही.

याची निकड आता वाढली आहे. मे २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून कायम वास्तव्यासाठीचा नेहमीचा पाच वर्षांचा काळ दहा करायचा प्रस्ताव मांडला. आपल्या कितीतरी घरांचं गणित त्याने हललं. ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत चर्चा, वकिलांचे व्हिडिओ, कॅनडाला जावं का वगैरे. खासदाराला पत्र लिहू या, असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा आपला खासदार कोण हे शोधण्यापासून सुरुवात झाली.

तेव्हा कामाला लागू या. मतदार नोंदणी ऑनलाइन होते, पाच-दहा मिनिटांचं काम. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाला जाताना फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यासाठी आपला निळा पासपोर्ट चालतो. यादीत नाव गेलं की पुढे कधीतरी ज्यूरीचं बोलावणंही येऊ शकतं, तेव्हा घाबरून फोन करू नका, तेही त्याच प्रकरणात आहे. पुढच्या शनिवारपासून अभ्यासवर्ग पाचव्या प्रकरणापासून सुरू होईल. पास झालेल्यांनीही यायचं आहे, आपलं पुस्तक शोधून घेऊन. हेन्रीच्या बायका शेवटच्या शनिवारी.