ठोकळ्यांचा मनोरा आणि पाटीचा हट्ट

बालशिक्षणात खेळाला स्थान असावे, याविषयी आज दुमत उरलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी आली, आणि २०२४ मध्ये ‘नवचेतना’ या आराखड्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांचाही विचार केला. कागदोपत्री खेळाचा विजय झाला आहे. प्रत्यक्षात मात्र अडीच वर्षांचे मूल पेन्सिल केव्हा धरणार, ही चिंता घराघरांतून कायम आहे. या विसंगतीचे मूळ खेळाविषयीच्या अपुऱ्या समजुतीत आहे.

लाकडी ठोकळ्यांचे साधे उदाहरण घेतले तरी हे ध्यानात येईल. साधारण सव्वा वर्षाचे मूल एकावर एक असे दोन ठोकळे रचते; दोन वर्षांचे मूल सहांचा मनोरा उभारते; तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ते तीन ठोकळ्यांचा पूल करू लागते. बालरोगतज्ज्ञ वाढीची तपासणी करताना हीच रचना पाहतात, ती उगाच नव्हे. ठोकळा अलगद सोडण्यासाठी बोटांवर ताबा लागतो, तोल साधण्यासाठी नजर आणि हात यांचा मेळ लागतो. मोठा ठोकळा लहानावर ठेवला की मनोरा कोसळतो आणि कोणी न रागावता मुलाला आपली चूक कळते. पेन्सिल धरणारी बोटे आणि भूमितीची जाण यांची पूर्वतयारी ती हीच.

हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा लाकडी घन आणि विटांच्या आकाराचे तुकडे त्याच्या साधनांत होतेच. मारिया मॉंटेसरी यांच्या गुलाबी मनोऱ्यातील दहा घन एक ते दहा सेंटिमीटरपर्यंत क्रमाने वाढत जातात. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य वाढविले. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे रूप दिले. ‘अंगणवाडी’ ही कल्पनाही त्यांच्याच प्रयोगातून रुजली.

पुरावा मात्र तारतम्यानेच वाचला पाहिजे. २००७ मध्ये अमेरिकेत दीड ते अडीच वर्षांच्या १७५ मुलांच्या अभ्यासात, ज्यांच्या घरी ठोकळे आणि खेळाच्या सूचना दिल्या गेल्या त्यांची भाषेची प्रगती सहा महिन्यांनी अधिक दिसली. अवधानात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय या अभ्यासाला ठोकळे बनविणाऱ्या कंपनीचेच साहाय्य होते. तेव्हा ठोकळे म्हणजे बुद्धिवर्धक औषध, हा जाहिरातींचा दावा स्वीकारण्याचे कारण नाही. भाषा वाढते ती ठोकळ्यांनी नव्हे, तर खेळताना होणाऱ्या संवादाने. ‘आता कुठला ठेवायचा?’, ‘वरचा पडला, खालचा राहिला’ अशा बोलण्यातून वर, खाली, मोठा, लहान हे शब्द मुलाला अर्थासह मिळतात.

येथेच खरी अडचण आहे. संवादाला मोकळे माणूस लागते. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविकेवर पोषण आहार, वजने, नोंदवह्या आणि आता भ्रमणध्वनीवरील माहिती असे एकेक ओझे चढत गेले. तिला मुलांशेजारी जमिनीवर बसण्यास वेळच ठेवला नाही, तर साहित्याची पेटी कपाटातच राहील. पालकांनाही केवळ दोष देणे अन्यायाचे आहे. मुलाखत आणि लेखन पाहून प्रवेश देणाऱ्या शाळांनीच त्यांच्या मनात भीती पेरली आहे.

उपाय खर्चिक नाहीत. गावच्या सुताराकडील लाकडाचे तुकडे नीट घासून, कडा बोथट करून दिले तरी उत्तम ठोकळे होतात. ते मुलाच्या तोंडात जाऊन अडकणार नाहीत इतके मोठे असले म्हणजे झाले. त्यासोबत सेविकेचा कागदी भार उतरविणे आणि प्रवेशासाठी लेखनाची अट घालणाऱ्या शाळांना आवर घालणे, ही शासनाची कामे आहेत. पाया पक्का होण्याआधी वरचा मजला चढविण्याची घाई धोक्याची असते, हे दोन वर्षांच्या मुलालाही ठोकळे शिकवितात. ते मोठ्यांनी शिकण्यास उशीर लावू नये.