नोव्हेंबरची घाई आणि येनचा हिशेब

सन २००० च्या आसपास संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या निमित्ताने भारतीय कुटुंबे टोकियोच्या निशी-कसाई भागात स्थिरावू लागली. त्यांतल्या अनेक मराठी घरांतील मुले आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहेत. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांकडे डोळे लावलेल्या घरांत दिवाळीच्या सुमारास एकच प्रश्न चर्चिला जातो: अर्ज १ नोव्हेंबरच्या आसपासच्या लवकरच्या मुदतीत करावा, की जानेवारीच्या नियमित मुदतीत?

‘लवकर’ या शब्दाखाली दोन भिन्न व्यवस्था येतात. एमआयटीची ‘अर्ली अॅक्शन’ बंधनकारक नाही. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचीही नाही; मात्र तेथे अर्ज केल्यास इतर खासगी विद्यापीठांत लवकरचा अर्ज करण्यावर मर्यादा येतात. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन आदींची ‘अर्ली डिसिजन’ मात्र करारासारखी आहे. विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक सह्या करतात. डिसेंबरच्या मध्यास प्रवेश मिळाला, की इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात.

या बंधनाच्या बदल्यात विद्यार्थ्याला काही लाभ मिळतो, हे खरे. २००३ साली ख्रिस्तोफर अॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहॉसर यांनी आपल्या पुस्तकात हा लाभ एसएटीच्या सुमारे १०० गुणांइतका असल्याचे दाखवले होते. परंतु लवकरच्या फेरीत आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलेही असतात. त्यामुळे त्या फेरीची प्रवेशाची टक्केवारी पाहून सामान्य अर्जदाराने आपली संधी तितकीच वाढली असे मानणे धोक्याचे आहे. ही पद्धत सधन कुटुंबांना झुकते माप देते, या कारणाने हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये लवकरची फेरी बंद करण्याचे जाहीर केले होते. २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली.

निशी-कसाईतील नोकरदारासाठी खरा पेच चलनाचा आहे. पगार येनमध्ये आणि शुल्क डॉलरमध्ये. वर्षाचा एकूण खर्च ८५,००० डॉलर धरला, तर डॉलरला ११० येन या दराने तो ९३.५ लाख येन होतो. १५० येनच्या दराने १ कोटी २७.५ लाख. २०२१ ते २०२४ या काळात येनने याहूनही मोठी घसरण अनुभवली. शिवाय बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक साहाय्य मागितले, तर ती बाब प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतली जाते. मिळालेले साहाय्य अपुरे असल्यास करारातून सुटका मिळू शकते. पण चार विद्यापीठांचे देकार समोर ठेवून तुलना करण्याची मुभा ‘अर्ली डिसिजन’मध्ये उरत नाही. नियमित फेरीत साधारणपणे १ मेपर्यंत ती असते.

वेळापत्रकाचाही विचार हवा. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. नोव्हेंबरमध्ये बारावीचे जेमतेम अर्धे वर्ष सरलेले असते. पहिल्या सहामाहीत चमक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला जानेवारीपर्यंतचा अवधी अर्ज अधिक भक्कम करायला उपयोगी पडतो. जपानी शाळांतील मुलांना तर ही कोंडी परिचितच आहे. तेथेही शिफारशीवर आधारित प्रवेशाचे अर्ज नोव्हेंबरपासून सुरू होतात आणि अनेकदा निवड झाली की तेथेच जाण्याचे वचन आधी द्यावे लागते. फरक इतकाच, की राष्ट्रीय विद्यापीठाचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन आहे आणि टोकियो विद्यापीठाचे २०२५ पासून ६,४२,९६० येन. तेथे वचन दिले, तरी घराची घडी मोडत नाही.

म्हणून निकष सरळ आहे. विद्यापीठ मुलाची निर्विवाद पहिली पसंती असेल आणि एका पैचेही साहाय्य न मिळता, डॉलर १६० येनवर गेला तरी चार वर्षांचा खर्च झेपणार असेल, तरच ‘अर्ली डिसिजन’वर सही करावी. अन्यथा बंधन नसलेली ‘अर्ली अॅक्शन’ किंवा नियमित फेरी पत्करावी. समाजात कोणाच्या मुलाला डिसेंबरमध्येच प्रवेश मिळाला, या बातमीने आपली सही ठरू नये. त्या सहीखाली गुणवत्तेइतकीच घराची ऐपतही पणाला लागलेली असते, आणि ती प्रत्येक घराची निराळी असते.