पूल टेस्टिंगची तयारी साथीआधीच हवी



साथ आली की चाचण्या वाढवण्याची मागणी होते आणि किट अपुरी असल्याचे उत्तर मिळते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हे आपण सर्वांनी अनुभवले. त्या वेळी हाताशी असलेल्या पूल टेस्टिंगचा राज्यात व्हावा तितका वापर झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच जणांच्या स्वॅबच्या नळ्यांतून थोडा थोडा द्राव एका नळीत घ्यायचा आणि त्यावर एकच आरटी-पीसीआर करायची. निगेटिव्ह आली, तर पाचही जण एका किटमध्ये मोकळे. पॉझिटिव्ह आली, तर मूळ नळ्यांत उरलेल्या द्रावातून प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी. कुणाच्या नाकात पुन्हा काडी घालावी लागत नाही. शंभरात एक बाधित असेल, तर हजार जणांची तपासणी सरासरी २५० चाचण्यांत उरकते. रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीतील सिफिलिस तपासणीसाठी हे गणित १९४३ मध्येच मांडले होते.

मात्र बाधित वाढले की गटामागून गट पॉझिटिव्ह येतात आणि काम दुप्पट होते. प्रमाण तीस टक्क्यांवर गेले, तर उलट जास्त किट लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एप्रिल २०२० मध्ये गटाला पाचच नमुन्यांची मर्यादा घातली आणि बाधित वाढण्याच्या या अडचणीमुळेच दोन टक्क्यांहून कमी बाधित असलेल्या भागांतच ही पद्धत सरसकट वापरायला सांगितली. रुग्णांचे निकटचे संपर्क आणि आरोग्य कर्मचारी यांना त्यातून वगळले, तेही योग्यच. मुंबईने ही दोन टक्क्यांची मर्यादा तेव्हाच ओलांडली होती. पण गडचिरोली आणि वर्ध्यात मे उजाडेपर्यंत एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. गावी परतणाऱ्या मजुरांचे लोंढे तपासायला अशाच जिल्ह्यांत ही पद्धत सर्वांत उपयोगी होती.

द्राव पाचपट पातळ झाल्याने अगदी कमी विषाणू असलेला नमुना निसटू शकतो, हा आक्षेप खरा आहे. पण लक्षणे नसलेल्या माणसाची एरवी चाचणीच होत नाही. त्याच्यासाठी थोडी कमी संवेदनशील चाचणीही मोलाची आहे.

किती टक्क्यांवर गट करणे थांबवायचे आणि तो आदेश कुणी द्यायचा, हे आरोग्य विभागाने आताच लेखी ठरवावे. जिल्हा प्रयोगशाळांतील तंत्रज्ञांकडून नळ्यांच्या नोंदी आणि गट करण्याचा सराव साथ नसतानाच करून घ्यावा. रुग्णांची रांग लागल्यावर हे शिकवायला कुणालाही सवड नसते.

— एक वाचक, नागपूर