पोथी आणि चोपडी

उस्मानपुऱ्यातील रंगमंदिराला संत एकनाथांचे नाव आहे. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. भूत, जोगवा हे लोकांचेच विषय भारुडात घेऊन त्यांना भक्तीकडे वळविले. आज मात्र 'वशीकरण', 'शत्रुनाश' शिकविणाऱ्या स्वस्त चोपड्या तंत्रशास्त्राच्या नावावर खपतात आणि आजारी मुलाला वैद्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते. धर्माची टवाळी करणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते, ते वेगळेच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने यात्रा, कीर्तन वा प्राचीन विद्यांचे अध्यापन यांना हात लावलेला नाही. मग हिंदुत्वनिष्ठांपैकी काहींनी त्याला धर्मावरील घाला का समजावे? तंत्रग्रंथ अभ्यासकांनी जरूर संपादावेत. उतारे-ताइतांच्या चोपड्या कार्यकर्त्यांनी आधी स्वतःच्या घरातून बाहेर काढाव्यात.