रात्र काढायची कुठे?

दिवाळीची सुटी जवळ आली की आपल्याकडे सहलीचे बेत रंगू लागतात. कुणी चिखलदऱ्याचे नाव घेतो, कुणी माहूरचे, कुणी सहस्रकुंडाच्या धबधब्याचे. चार दिवस चर्चा होते आणि बहुतेक बेत एकाच प्रश्नावर मोडतात. जायचे कसे, हा तो प्रश्न नव्हे. एस.टी. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासयोजना १९८८ पासून आहे, आणि मार्च २०२३ पासून तर स्त्रियांना एस.टी.त अर्धेच तिकीट पडते. खरा प्रश्न आहे तो रात्रीचा. बसभाडे अर्धे झाले, पण खोलीचे भाडे कोणी अर्धे केले?

वास्तविक स्वस्त मुक्कामाची परंपरा आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतः झोपडीत राहून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. धर्मशाळांवर जातीजातींच्या पाट्या होत्या त्या काळातली ही गोष्ट. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात आजही अल्प दरात स्वच्छ खोली मिळते. स्वच्छ म्हणजे खरोखर स्वच्छ. पुष्कळ लॉजवाल्यांनी तिथे जाऊन झाडू कसा मारतात ते एकदा पाहून यावे!

परंतु धर्मशाळा ही मुख्यतः यात्रेकरूंची व कुटुंबांची सोय. यात्रेच्या अनेक गावी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. विद्यार्थी म्हटला की गोंधळ घालणार, असे व्यवस्थापक आधीच ठरवून टाकतो. आणि दोन मैत्रिणी पिशव्या घेऊन काउंटरपुढे उभ्या राहिल्या तर पहिला प्रश्न येतो, “सोबत कोण आहे?” दोघी एकमेकींच्या सोबत आहेत, हे उत्तर त्याला पटत नाही. म्हणजे मुलींना अर्ध्या तिकिटात गावापर्यंत जाता येते, पण तिथे रात्र काढता येत नाही! हा आम्हाला पैशांपेक्षा मोठा अडथळा वाटतो.

मग स्वस्त कशाला म्हणावे? केवळ भाड्याचा आकडा पाहून भागत नाही. गावाबाहेरची दोनशे रुपयांनी स्वस्त खोली ऑटोच्या दोन फेऱ्यांत महाग होते. बसस्थानकाजवळची, आतून कडी नीट लागणारी, पाणी असलेली खोली थोडी जास्त देऊनही परवडते. चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी भाडी चढतात. तेव्हा मधल्या वारी जावे, नाहीतर खाली परतवाड्याला मुक्काम करून सकाळच्या गाडीने वर चढावे. आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याची तऱ्हा पाहा. वाघ दिसू लागले, तशी सुन्ना गेटाच्या आसपास रिसॉर्टे उभी राहिली. पुण्यामुंबईचा पाहुणा तिथे दोन रात्री राहतो, आणि केळापूर तालुक्यातल्या मुलाने वाघ पाहिलेला असतो तो मोबाइलवर.

जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते. १९०९ साली ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळाने गाठले. एका खेड्यातल्या शाळेच्या वर्गात, गवतावर, सर्वांनी रात्र काढली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्या मुलांना मुक्कामाला का देऊ नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. त्यातूनच जगभरची युवा वसतिगृहांची चळवळ वाढली. भारतातील संघटना १९४९ सालची. तिचे सभासद व्हावे, खाटेपुरते पैसे भरून राहता येते. पण तिची सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी कशी असणार?

ती आपल्याला करता येईल. यवतमाळ, पुसद, वणी येथील महाविद्यालयांची वसतिगृहे सुटीत कुलूपबंद असतात. प्रत्येकाने दहा खाटा मुलांसाठी व दहा मुलींसाठी मोकळ्या ठेवाव्यात. महाविद्यालयाचे ओळखपत्र व प्राचार्यांचे पत्र पाहून तीन रात्रींपुरता प्रवेश द्यावा. जात, गाव, सोबत कोण, हे विचारू नये. वणीचा विद्यार्थी पुसदला राहील, पुसदचा वणीला.

चौकीदाराचा पगार कोण देणार, वस्तू चोरीला गेल्या तर जबाबदार कोण, असे आक्षेप येतीलच. पगार खाटांच्या भाड्यातून निघेल आणि अनामत रक्कम आधी घ्यावी. पाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी पाण्यासाठी काय हाल सोसले ते आपण विसरलेलो नाही. म्हणून उन्हाळ्याचे सध्या राहू द्यावे. दिवाळीच्या सुटीपासून आरंभ करावा, आणि तोही मुलींच्या वसतिगृहापासून. चादर ज्याची त्याने आणावी.